तंतूंचे बळ

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी हे गाव आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील या प्रदेशात पूर्वी मातीच्या भिंतींची, माळवदाची घरे सर्वत्र दिसत. भिंतीला गिलावा करावयाचा असला, म्हणजे लोक माती भिजवीत, तीत भुसा किंवा बारीक काड घालीत आणि तो चिखल पायांनी तुडवीत. नुसती माती वाळताना आकसते व तिला तडे जातात. काडी हा ताण सहन करते आणि मातीला धरून ठेवते. म्हणून असा गिलावा टिकतो.

ही युक्ती फार प्राचीन आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचा अभ्यास राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई या संशोधकांनी केला. त्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे त्यांनी २०१६ साली दाखवून दिले. या वनस्पतीमुळेच गिलाव्याचे किडींपासून रक्षण झाले, असे त्यांचे मत आहे.

सिमेंटचेही मातीसारखेच आहे. ते दाब सहन करते. पण त्याचा पातळ तक्ता वाकविला, तर तो तडकतो. लुडविग हात्शेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने त्यावर उपाय शोधला. कागद तयार करण्याच्या रीतीवरून त्याला ही कल्पना सुचली. सिमेंट, पाणी व तंतू यांच्या पातळ मिश्रणातून त्याने एकावर एक थर बसवून तक्ते तयार केले. १९०१ साली त्याला या कृतीचे पेटंट मिळाले. असे पत्रे पुढे जगभर घरांवर चढले.

परंतु त्यातील तंतू ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे होते. पत्रा कापताना किंवा फोडताना उडणारी त्याची धूळ श्वासावाटे फुफ्फुसात जाते आणि तेथे रुतून बसते. त्यामुळे पुष्कळ वर्षांनंतर कर्करोगासारखे असाध्य विकार जडतात. अनेक कामगारांनी याची किंमत प्राण देऊन चुकविली. अखेर युरोपीय संघाने २००५ साली त्याच्या वापरावर बंदी घातली. जुना सिमेंटचा पत्रा दिसला, तर तो फोडू नये, घासू नये. जाणत्या माणसाला सांगावे.

आता बऱ्याच ठिकाणी या खनिजाऐवजी लाकडाच्या लगद्याचे तंतू वापरतात. अशा तक्त्याला वाळवी लागत नाही, तो कुजत नाही व सहसा पेट घेत नाही. लाकडी फळ्यांच्या जागी तो बसविला, तर तितकी झाडे वाचतात. तरीही हे दान फुकट मिळत नाही. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजावी लागते व त्या वेळी कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. म्हणून तक्ता जपून वापरावा आणि दीर्घकाळ टिकवावा, हेच निसर्गाच्या हिताचे आहे.

तीर्थपुरीसारख्या गावांतील गवंड्याने मातीत काडी मिसळली, तेव्हा त्याने शेतातील टाकाऊ वस्तूला कामाला लावले. आजच्या कारागिराने आणि अभियंत्यानेही बांधण्यापूर्वी तोच विचार केला पाहिजे : ही वस्तू कोठून आली, कोणाचे आरोग्य बिघडविणार नाही ना, आणि शेवटी ती कोठे जाणार?

स्वाध्याय
१. मातीत काडी का मिसळीत?
२. ॲस्बेस्टॉसचा वापर का घातक ठरला?