नोकरी शोधायची, पण गावभर होऊ न देता

विंझर, तालुका राजगड; जुन्या सवयीने वेल्हे. पुण्यात कामगार कायद्याचं काम करणारी आत्या माहेरी आलेली आहे. शिरवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात असलेला भाचा प्रश्न विचारतो आहे.

भाचा : आत्या, हातात नोकरी असताना मालकाला न सांगता दुसरी शोधायची, ही एक प्रकारची चोरीच नाही का? घरात तर हेच ऐकत आलोय, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान राखावं.

आत्या : चोरी म्हणायची तर कुणाचं तरी काही गेलं पाहिजे. कंपनीने तुझी पाळी विकत घेतली आहे. पाळी सुटल्यावर तू पुढच्या वर्षाचा काय विचार करतोस, तो तिने विकत घेतलेला नाही. कायद्याची नजरही साधारण अशीच आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला बंदी घातली, पण दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर अर्ज द्यायला घातली नाही. २०२२ साली विप्रोने तीनशे जणांना काढल्याचं जाहीर केलं तेव्हा अनेकांना वाटलं, आता बाहेर डोकावलं तरी नोकरी जाणार. प्रत्यक्षात ती माणसं विप्रोचा पगार घेत असतानाच स्पर्धक कंपन्यांचंही काम करत होती, असा कंपनीचा आरोप होता. बघणं आणि करणं यातली रेघ तिथेही तीच. आणि इमानाचं म्हणशील, तर त्याचं माप कामगार कायद्याने फार पूर्वी ठरवून दिलं आहे. त्या मापाला नोटीस म्हणतात. आदर्श स्थायी आदेशांत महिन्याच्या पगारावरच्या कायम कामगाराला सोडून जाताना महिनाभराची लेखी नोटीस द्यायला सांगितलं आहे. त्याआधी मनात काय चाललंय ते कळवा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

भाचा : पण नोकरी सोडून गेलेल्यांवर कंपन्या दावे करतात, हेही खरं ना?

आत्या : करतात, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला दावा आपल्याच राज्यातला आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायरला लागणारा धागा बनवण्याचं तंत्र परदेशातून पैसे मोजून आणलं होतं. एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला, तिथे प्रशिक्षण घेतलं आणि मुदत संपायच्या कितीतरी आधी, १९६४ साली, राजस्थानात कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात तो रुजू झाला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. पण ती कशावर, हे नीट बघ. त्याने दुसरीकडे चौकशी केली यावर नाही. कराराची मुदत चालू असताना तो स्पर्धकाकडे कामाला गेला यावर. नोकरी संपल्यावरही अमुक ठिकाणी जाऊ नकोस, अशी बंदी सहसा टिकत नाही, कारण १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ धंदा-रोजगार अडवणारे करार रद्द ठरवतं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीने करार संपल्यावरही बांधून ठेवायचा प्रयत्न केला, तोही २००६ साली याच कलमापुढे पडला. बाँड मात्र हलक्यात घेऊ नकोस. विजया बँकेने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट घातली होती, ती २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. म्हणून शोध सुरू करण्याआधी पहिलं काम म्हणजे कपाटातलं नेमणूकपत्र काढून वाचणं. निम्म्या लोकांनी सही केल्यापासून ते उघडलेलंच नसतं.

भाचा : बरं, गुन्हा नाही हे मान्य. मग लपवायचं तरी कशाला? साहेबाला सरळ सांगावं, मी बघतोय बाहेर.

आत्या : सांगितलंस की जायची तारीख तुझ्या हातून गेली. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. गाजावाजा न करता शोधणारा माणूस कधी जायचं ते स्वतः ठरवतो. उघड शोधणाऱ्याचं ते दुसरा कुणीतरी ठरवतो. साहेब दुष्ट असायला हवा असंही नाही. जाणार असलेल्या माणसाला नव्या मशीनच्या प्रशिक्षणाला कोण पाठवेल? पगारवाढीच्या यादीत त्याचं नाव वर कोण ठेवेल? आणि तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर असेल तर विषयच संपला, सोमवारपासून त्याच्या जागी दुसरा. तारखेला रोख किंमत असते, तीही सांगते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग नोकरी लागते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून पंधरा हजार असेल, तर दर वर्षाचे पंधरा दिवस आणि महिना सव्वीस दिवसांचा या हिशेबाने पाच वर्षांचे त्रेचाळीस हजारांच्या वर होतात. पाचव्या वर्षाचे २४० दिवस भरले तरी चालतं, असं मद्रास उच्च न्यायालयाने धरलं आहे, पण तो मुद्दा घेऊन अधिकाऱ्यांपुढे भांडत बसण्यापेक्षा उरलेले महिने गप्प राहिलेलं बरं. मुदतीच्या नेमणुकीवर असशील तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ही अट एका वर्षावर आणली आहे. तुझ्या तोंडून बातमी आधी फुटली, तर हे दिवस मोजायची संधीच मिळत नाही.

भाचा : म्हणजे कंपनीने विश्वास ठेवायचा आणि आपण आतून हिशेब करायचा. एकतर्फी नाही वाटत?

आत्या : एकतर्फी आहे, फक्त तू म्हणतोस त्याच्या उलट बाजूने. तुझ्या जागेवर दुसरा माणूस बघायला सुरुवात केली, तर कंपनी तुला कळवते का? एजन्सीला निरोप जातो, मुलाखती होतात आणि तुला शेवटच्या दिवशी समजतं. याला कुणी बेइमानी म्हणत नाही, व्यवस्थापन म्हणतात. मोठ्या कंपन्या तर एकमेकींत गुपचूप ठरवूनही घेतात. अॅपल, गुगल, इंटेल, अडोबी यांनी एकमेकांची माणसं फोडायची नाहीत असं आपसात ठरवलं होतं. अमेरिकी सरकारने २०१० साली ते उघडकीला आणलं आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात एक्केचाळीस कोटी पन्नास लाख डॉलरना तडजोड झाली. ती माणसं शिकलेली, भरपूर पगारवाली; तरी आपला भाव कुणी दाबून धरला आहे हे त्यांना वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. मालकाचं मौन इतकं लांबवर चालत असेल, तर कामगाराच्या दोन-तीन महिन्यांच्या मौनाबद्दल अपराधी वाटून घेण्यात काही अर्थ नाही.

भाचा : हे पुण्या-मुंबईत ठीक आहे गं. विंझरमध्ये बातमी लपते कुठे? आमच्या कंपनीच्या गाडीत मार्गासनीपासून नसरापूरपर्यंतची पोरं असतात. एकाला बोललो तर चेलाडी फाट्यापर्यंत गाडीभर होतं. आणि न बोलावं तर नोकरी कळणार कशी? इथे नोकऱ्या ओळखीनेच लागतात.

आत्या : आता खरा प्रश्न विचारलास. ओळखीशिवाय नोकरी नाही आणि ओळखीतूनच बातमी फुटते, ही अडचण जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असायची. तो आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसं आणायचा, त्यांना उसनवारी द्यायचा, राहायची सोय बघायचा. पण या गिरणीतून त्या गिरणीत जायचं मनात आलं, की ज्याने दार उघडलं तोच दारात उभा. १९३१च्या व्हिटली कामगार आयोगाच्या अहवालात या जॉबरांवर कडक टीका आहे. आज त्या जागी ठेकेदार आला. एकच ठेकेदार दोन-तीन कारखान्यांना माणसं पुरवत असेल, तर त्याच्याकडे दुसऱ्या कारखान्याची चौकशी करणं म्हणजे पहिल्याच्या टाइम ऑफिसात निरोप ठेवणं. पण या अडचणीतून एक वाट आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्यांना विचारलं की ही जागा कुणाकडून कळली. त्याचा निबंध १९७३ साली छापून आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सतरा टक्के लोकांना ती आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्याकडून कळली होती. बाकीच्यांची सांगणाऱ्याशी अधूनमधूनच गाठ पडायची. अठ्ठावीस टक्क्यांच्या बाबतीत तर वर्षाकाठी एखादी, किंवा तेवढीही नाही. कारण साधं आहे. जो तुझ्याबरोबर रोज त्याच गाडीत बसतो, त्याला तुला ठाऊक असलेल्याच जागा ठाऊक असतात. नवी खबर वेगळ्या वर्तुळातल्या माणसाकडे असते. आता हे तुझ्या काळजीशी लावून बघ. गाडीतला मित्र खबर देण्यात कच्चा आणि बातमी फोडण्यात पक्का. चाकणला गेलेला शाळासोबती, तुमच्याकडे माल तपासायला येणारा पुरवठादाराचा माणूस, दुसरीकडे गेलेला जुना सुपरवायझर, हे खबर देण्यात पक्के, आणि त्यांचा तुमच्या गाडीशी संबंधच नाही. लोकांना वाटतं, गुप्तता पाळली की संधी कमी होतात. जवळच्यांना वगळून लांबच्यांना विचारलं तर दोन्ही एकदमच साधतात.

भाचा : पण न्यूटनची ती माणसं म्हणजे साहेबलोक असणार. आमच्यासारख्याला जवळचा नातेवाईकच चिकटवतो.

आत्या : आक्षेप बरोबर आहे. ती माणसं तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामातली होती, आणि गिरणीचा इतिहास तर नात्याच्याच बाजूने साक्ष देतो. मी एवढंच म्हणेन की पहिल्या आणि दुसऱ्या नोकरीत फरक कर. पहिल्या वेळी तुझ्याकडे दाखवायला काहीच नसतं, म्हणून मामा-काकांचा शब्द लागतो. आता तुझ्यामागे कामाची वर्षं आहेत, कोणती मोजमापाची साधनं हाताळलीस ते सांगता येतं. अशा वेळी तुझं काम पाहिलेल्या लांबच्या माणसाचा शब्द काकांच्या शब्दापेक्षा वजनदार ठरतो. घरच्यांना सांगूच नकोस असं नाही. घरात सांग, भावकीच्या ग्रुपवर टाकू नकोस.

भाचा : मोबाइलवरच्या त्या साइट्स?

आत्या : आपल्या कंपनीला आपला बायोडेटा दिसू नये अशी सोय काहींवर असते, ती वापर, पण फक्त तिच्यावर विसंबू नकोस, एजन्सीवाला तोच कागद तुमच्याच एचआरला पाठवू शकतो. कंपनीचा ईमेल, कंपनीचा संगणक, कंपनीचं वायफाय यांपासून लांब राहा. मुलाखत साप्ताहिक सुट्टीला मिळते का विचार; तुमची सुट्टी गुरुवारची असेल तर उत्तमच, त्या दिवशी बाकीची ऑफिसं चालू असतात. यात फार डोकं घालवण्यासारखं काही नाही.

भाचा : आणि सुट्टी नसली तर? वडील आजारी आहेत म्हणून सांगायचं?

आत्या : ते नाही. सगळी भिस्त या फरकावर आहे. न सांगणं तुझ्या हक्कात बसतं, खोटं सांगणं बसत नाही. हक्काची रजा ‘खासगी काम’ लिहून घे, तेवढं पुरतं. साहेबाने थेट विचारलं तर त्याच्याशी आत्ता बोलण्यासारखं काही नाही म्हण. कुलदैवताची शपथ घेऊ नकोस. नव्या कंपनीशीही हेच. आधीचा पगार वाढवून सांगितलास तर स्लिप मागतील, मधले महिने झाकलेस तर भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा दिसतात. यूएएन, म्हणजे त्या खात्याचा क्रमांक, नोकरी बदलली तरी एकच असतो. त्यांना उघड सांग की मी सध्या कामावर आहे, ऑफर लेटर हातात येईपर्यंत माझ्या कंपनीत फोन करू नका. समंजस माणूस हे ऐकतो. जो ऐकत नाही, तो पुढे तुझ्याशी कसा वागेल ते आधीच कळलं. आणि आताच्या कंपनीचे नकाशे, मोजमापं, ग्राहकांची यादी यातला एक कागदही बरोबर न्यायचा नाही. कल्याणच्या प्रकरणात कंपनीची भीती हीच होती.

भाचा : माझी बायको संस्थेच्या शाळेत शिकवते. तिलाही हेच लागू?

आत्या : शोधाच्या बाबतीत हो, सोडताना नियम वेगळा. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७चा कायदा आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही-तारीख, एक रजिस्टर्ड पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःकडे. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस, कायम नसेल तर एक. कोऱ्या कागदावर आधीच सह्या घेऊन ठेवण्याच्या प्रकाराला यामुळे थोडा आळा बसतो. सरकारी नोकराची गोष्ट मात्र साफ उलट. केंद्राच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्या नोकरीची बोलणी करायलाच मनाई आहे. सेवेचं संरक्षण मोठं, म्हणून मोकळीक कमी. तिथे माझा युक्तिवाद चालत नाही, आधी ना-हरकत घ्यावी.

भाचा : शेवटचं. नसरापूरच्या बाजारात एखाद्याचं दुकान असतं, हाताखाली दोनच माणसं. तिथला एक गुपचूप गेला तर मालक आडवा होतो. तिथेही गप्पच राहायचं?

आत्या : इथे मी थोडी मागे सरते. मोठ्या कारखान्यात तुझी जागा आठवड्यात भरते. दोन माणसांच्या दुकानात अर्धं दुकान तुझ्याबरोबर जातं, आणि मालकाकडे ना एजन्सी असते ना एचआर. तरीही शोध गुपचूपच ठेवायला सांगेन, कारण शोध फसू शकतो आणि मग उगाच दोघांच्या मनात अढी बसते. फरक नंतर करायचा. जागा पक्की झाली की त्याच संध्याकाळी सांग. ठरलेल्या नोटिशीपेक्षा महिनाभर जास्त द्यायची तयारी ठेव. उधारीची वही, माल कुणाकडून येतो ते नव्या माणसाला समजावून दे. नव्या कंपनीशी रुजू व्हायची तारीख ठरवतानाच हा महिना धरून ठेव, नाहीतर दोन्हीकडे शब्द मोडेल.

भाचा : आणि आमच्या कारखान्यात राजीनामा दिल्यावर साहेब म्हणाला, थांब, पगार वाढवतो?

आत्या : वाढवू शकत होता तर आधी का नाही वाढवला, एवढंच स्वतःला विचार आणि उत्तर पटलं तर थांब. जायचंच असेल तर अर्ज दोन ओळींचा पुरे: अमुक तारखेपासून राजीनामा, नोटिशीचा शेवटचा दिवस अमुक. तक्रारी लिहू नकोस. नव्या वेतन संहितेप्रमाणे सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब मिळायला हवा, तो माग. पीएफ काढून घेऊ नकोस, नव्या खात्यात वळव. पेन्शनसाठी दहा वर्षं मोजतात. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय टाइम ऑफिसातून हलू नकोस.