आधी करार वाचा

“फराक्क्याला गंगेचा प्रवाह 70,000 क्युसेकच्या खाली गेला, तर बांगलादेशाच्या वाट्याला किती पाणी येतं?” संशोधन सहायकाच्या जागेसाठी माझी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सहज विचारलं. अर्जात मीच ‘भारत-बांगलादेश संबंध’ हा अभ्यासविषय लिहिला होता. मला उत्तर आलं नाही. दिल्लीत येऊन तेव्हा चौदा महिने झाले होते आणि याच विषयावरची नऊ चर्चासत्रं मी ऐकली होती.

त्या चौदा महिन्यांत माझा आठवडा कार्यक्रमांच्या आमंत्रणांवर ठरायचा. मंडी हाऊसला मेट्रोतून उतरून सप्रू हाऊस, नाहीतर लोदी रोडवर हॅबिटाट सेंटर. माजी राजदूतांना जवळून ऐकताना भारावून जायचे. वह्या भरल्या, पण त्यांत होती ती माणसांची मतं: कोण म्हणालं संबंध सुधारताहेत, कोण म्हणालं तिस्तेच्या पाणीवाटपाचं घोडं अडलंय. मतं कशावर उभी आहेत, हे मी कधी पाहिलं नाही. सप्रू हाऊसमध्ये मोठं ग्रंथालय आहे. जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागाची मूळ संस्था 1955 साली याच वास्तूत सुरू झाली. मी सभागृहात कितीदा गेले, ग्रंथालयात एकदाही नाही.

मुलाखतीहून परतले आणि त्याच रात्री 12 डिसेंबर 1996चा गंगा पाणीवाटप करार उघडला. बारा कलमं आणि जोडपत्रं, तासाभरात वाचून होतात. 1 जानेवारी ते 31 मे या काळाचे दहा-दहा दिवसांचे टप्पे. प्रवाह 70,000 किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. 70 ते 75 हजारांत बांगलादेशाला 35,000, उरलेलं भारताला. त्याच्या वर भारताला 40,000, उरलेलं बांगलादेशाला. ऐन उन्हाळ्यात एकेका टप्प्याआड 35,000ची हमी, एकदा याला, एकदा त्याला.

हे तर कालव्याच्या पाण्याचं पाळीपत्रक! आमची शेती मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर, नेवासे तालुक्यात. आवर्तन कधी सुटणार, पाटकरी आधी कुणाचं दार उघडणार, यावर घरात रात्र-रात्र बोलणं चालायचं. दुसऱ्या दिवशी घरी दादांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “वर सोडलेलं आणि खाली पोचलेलं, दोन्ही मोजतं कोण?” नऊ चर्चासत्रांत हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. उत्तर करारातच आहे: दोन्ही देशांची संयुक्त समिती, फराक्क्याला आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलाजवळ. माझा पुढचा सगळा अभ्यास त्या प्रश्नातून सुरू झाला.

म्हणून दिल्लीला येणाऱ्या मुलामुलींना कळकळीनं सांगते: चर्चासत्राला जायच्या आदल्या रात्री मूळ कागद वाचा. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करार मिळतात, संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांचे प्रश्न आणि मंत्र्यांची लेखी उत्तरं. परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीचे अहवाल तर वाचाच. अधिकाऱ्यांना विचारलेले अवघड प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्यांत सापडतात. मग सभागृहात एकच प्रश्न घेऊन जा. महिन्याला दोन कार्यक्रम पुरे.

बंद दाराआडच्या चर्चेत ‘चॅटम हाऊस नियम’ लागू आहे असं सुरुवातीला सांगतात. ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कुणी दिली किंवा तिथं कोण-कोण होतं, हे उघड करायचं नाही. मला हे नीट कळलं नव्हतं. मी वक्त्याचं नाव घालून दोन ओळी समाजमाध्यमावर टाकल्या. तासाभरात काढल्या, माफीही मागितली. पण त्या गृहस्थांनी माझ्यावर टाकलेला विश्वास गेला तो गेलाच.

इंटर्नशिपबद्दल मात्र जास्त सावध राहा. मी एका संस्थेत तीन महिने बिनपगारी होते. भाषणांचं शब्दांकन, पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या, आणि एक टिपण, जे माझ्या नावाशिवाय छापून आलं. मुनीरक्यातल्या खोलीचं भाडं त्या काळात दादांच्या उसाच्या बिलातून जात होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. हो म्हणण्याआधी विचारा: माझा मसुदा कोण वाचून दुरुस्त करणार? छापला तर नाव लागेल का? मानधन किती, कधी? उत्तरं ईमेलवर मागा. विचारलं म्हणून संधी जाईल, या भीतीनं मी गप्प बसले होते. पुढच्या ठिकाणी विचारलं, तेव्हा तिथल्या संशोधक बाईंनी पाचच मिनिटांत सगळं लिहून पाठवलं. माझा पहिला मसुदा त्यांनी सहा वेळा परत केला, प्रत्येक वेळी समासात एकच शेरा: “हे करारात कुठं आहे?”