जास्त रिफंड दाखवणारी साइट

इन्कम टॅक्सचा रिटर्न भरायला साइट निवडताना बहुतेक लोक दोनच गोष्टी बघतात. फुकट आहे का आणि रिफंड किती दाखवते. पहिल्या गोष्टीत फार तर चारपाचशे रुपयांचा फटका बसतो. दुसरीच्या मागे लागलेला आमच्या घरातला एक जण अजून हप्ते फेडतोय.

मी सीए नाही. नाशिकच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात काम करतो. पण मला आकडे कळतात असा नातेवाइकांत समज पसरलेला आहे, त्यामुळे माझा, बायकोचा आणि आईचा रिटर्न दरवर्षी माझ्याच टेबलावर येतो. सरकारी पोर्टल, खासगी साइट, ‘तज्ज्ञाची मदत’ देणारी महागडी योजना, सगळं वापरून झालंय. कुठल्याही कंपनीचं नाव मी इथं घेणार नाही. त्यांच्या योजना आणि दर दरवर्षी बदलतात, त्यामुळे यंदाचं कौतुक किंवा तक्रार पुढच्या वर्षी खरी ठरेलच असं नाही.

आधी एक गोष्ट समजून घेतली की निम्मा गोंधळ कमी होतो. साइट कुठलीही असो, शेवटी तयार होते ती एक जेसन फाइल, आणि ती जाते आयकर विभागाच्या बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रात. फाइलचा साचा विभागानंच ठरवलेला असतो. कराचे दर, सवलतींच्या मर्यादा, रकाने, सगळीकडे एकच. म्हणजे दोन साइटवर तेच आकडे, तेच रकाने आणि तीच करप्रणाली धरून कर वेगळा येत असेल, तर एकीनं हुशारी केलेली नसते, एकीनं चूक केलेली असते. खासगी साइट आपल्याला विकते ती फक्त सोय: प्रश्न सोप्या भाषेत विचारणं, ब्रोकरकडून माहिती ओढून घेणं, अडलं तर कुणीतरी बोलायला असणं. ही सोय आपल्याला हवी आहे का, एवढाच प्रश्न.

नुसता पगार, बँकेचं व्याज आणि एखादं घर असलेल्या माणसाला ती नको. माझ्या बायकोचं असंच. ती शाळेत शिकवते. पोर्टलवर तिचा पगार, टीडीएस, व्याज आधीच भरलेलं येतं. आपण फॉर्म सोळा आणि एआयएस (विभागाकडं असलेली आपल्या वर्षभराच्या व्यवहारांची माहिती) शेजारी ठेवून पडताळायचं, एवढंच. २०२१ च्या जूनमध्ये हे नवं पोर्टल आलं तेव्हा त्याची इतकी बोंब झाली होती, की ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना अर्थमंत्रालयानं दिल्लीला बोलावून घेतलं. ती बदनामी लोकांच्या डोक्यात अजून बसली आहे. आता शेवटचे दोनतीन दिवस सोडले तर ते बरं चालतं, आणि फुकट म्हणजे खरंच फुकट आहे.

खासगी साइटवरचं ‘फुकट’ निराळं असतं. पगाराचे आकडे टाकेपर्यंत सगळं मोफत. शेअर विकल्याची एक ओळ आली की वरची योजना. शेवटच्या पानावर, सगळं भरून झाल्यावर, पैसे मागणारी चौकट येते आणि वर अठरा टक्के जीएसटी. दोन तास घालवल्यावर कोण परत फिरणार? म्हणून साइट उघडल्यावर आधी दरपत्रक वाचावं आणि आपलं उत्पन्न कुठल्या फॉर्ममध्ये बसतं ते बघावं. आयटीआर एक की दोन, धंदा किंवा एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) असेल तर तीन. योजनेचा दर बहुधा तिथंच ठरतो.

आता आईची गोष्ट. ती जरा खोलात सांगतो, कारण असं अनेक घरांत असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

वडिलांनी २०११ मध्ये एका इक्विटी म्युच्युअल फंडात एक लाख रुपये ठेवले होते. ते गेल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत युनिट आईच्या नावावर झाले आणि डिसेंबरमध्ये आम्ही ते विकले. चार लाख दहा हजार आले. आईचं बाकीचं उत्पन्न फॅमिली पेन्शन आणि मुदत ठेवींचं व्याज. त्या वर्षी मी तिच्यासाठी एका खासगी साइटची मधली योजना घेतली होती, म्हटलं भांडवली नफा आहे, साइट नीट हिशोब करेल. साइटनं आईची माहिती ओढली आणि कर दाखवला ९१ हजार ५२० रुपये.

झालं होतं असं. युनिट आईच्या नावावर ज्या दिवशी आले तीच साइटनं खरेदीची तारीख धरली. त्यामुळे बारा महिने भरले नाहीत आणि नफा अल्पमुदतीचा ठरला, म्हणजे वीस टक्के. खरेदीची किंमत कुठंच नव्हती म्हणून ती शून्य. आलेली सगळी रक्कम नफा. त्यानं एकूण उत्पन्न सात लाखांच्या वर गेलं, तेव्हा कमी उत्पन्नाला मिळणारी कलम ८७अ ची सूट गेली. वर चार टक्के सेस. एका चुकीच्या तारखेतून आणि एका गहाळ किमतीतून हे सगळं निघालं होतं.

कायदा काय सांगतो? वारसानं आलेल्या गुंतवणुकीला मूळ मालकाची खरेदी किंमत आणि मूळ मालकाचा काळ धरायचा. म्हणजे २०११, म्हणजे दीर्घमुदत. शिवाय १ फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअर आणि इक्विटी फंडांना एक संरक्षण आहे: ३१ जानेवारी २०१८ ची बाजारकिंमत आणि विक्रीची किंमत यांतली कमी असेल ती घ्यायची, आणि ती मूळ खरेदीपेक्षा जास्त असेल तर तीच खरेदी किंमत समजायची. त्या दिवशी आमच्या युनिटची किंमत होती दोन लाख साठ हजार. नफा उरला दीड लाख. त्यातले सव्वा लाख करमुक्त. उरलेल्या पंचवीस हजारांवर साडेबारा टक्के आणि सेस धरून ३ हजार २५० रुपये. कुठं ९१ हजार, कुठं सव्वातीन हजार.

साइटच्या चॅटवर मी हे विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ‘सर, सिस्टीमनं काढलेलं बरोबरच असतं.’ मी वारस, २०११, ३१ जानेवारी असं सगळं लिहिलं, त्यावर तेच वाक्य पुन्हा आलं. तिथंच मी थांबलो. वडिलांच्या कपाटातून जुनं स्टेटमेंट काढलं आणि रिटर्न सरकारी पोर्टलवर भरला. तिथल्या दीर्घमुदतीच्या नफ्याच्या ११२अ तक्त्यात ३१ जानेवारी २०१८ च्या किमतीसाठी वेगळा रकानाच आहे. नफा सव्वा लाखाच्या वर होता म्हणून फॉर्म दोन घ्यावा लागला. खाली असता तर त्या वर्षापासून एकमध्येही चाललं असतं.

त्याच साइटनं आणखी एक घोळ घातला होता. ‘पेन्शन मिळते का?’ या प्रश्नाला हो म्हटलं की ती पेन्शन पगारात धरायची आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट द्यायची. पण फॅमिली पेन्शन हा पगार नव्हे. ते ‘इतर उत्पन्न’, आणि नव्या करप्रणालीत त्यावर वजावट पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा २५ हजार, यांतली कमी असेल ती. इथं चूक आपल्या फायद्याची दिसते. ज्यांच्या घरात अशी पेन्शन येते त्यांनी साइटची परीक्षा याच एका प्रश्नावर घ्यावी. ‘स्वतःच्या नोकरीची की पती-पत्नीच्या पश्चात मिळणारी?’ असं ती विचारत नसेल तर तिथं पैसे भरू नयेत.

साइट चोख असली तरी तिच्या हातात नसलेल्या गोष्टी असतात. ५ जुलै २०२४ ला विभागानं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला आणि नव्या करप्रणालीत शेअरच्या अल्पमुदतीच्या नफ्यावर ८७अ ची सूट मिळेना. ज्यांनी जूनमध्ये रिटर्न भरला त्यांना शून्य कर, तसेच आकडे घेऊन जुलैअखेर बसले त्यांना कर. लोक साइटवाल्यांना शिव्या घालत होते, पण साइट तरी काय करणार? चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही मुंबईची संस्था उच्च न्यायालयात गेली, २० डिसेंबरला अंतरिम आदेश आला आणि उशिराच्या व सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. त्यानंतर मी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात घाई करायचं सोडलं. फॉर्म आणि सॉफ्टवेअर स्थिरावू द्यावं. अर्थात शेवटच्या तारखेपर्यंतही बसू नये, कारण ती उलटली की पाच लाखांवर उत्पन्न असणाऱ्याला पाच हजार विलंबशुल्क आहे, आणि जुन्या करप्रणालीची निवडही नोकरदाराला मुदतीतच करता येते.

हप्ते फेडणारा तो माझा भाचा. हिंजवडीत आयटीत आहे. २०२४ मध्ये ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका फर्मचं अ‍ॅप दिलं. ‘आमचे तज्ज्ञ तुमचा रिफंड वाढवून देतील, फी रिफंडच्या टक्केवारीत.’ पोर्टलवर बारा हजारांचा रिफंड दिसत होता, यांनी सत्तर हजारांवर नेला. पैसे खात्यात आले तेव्हा मला फोन, ‘मामा, तू उगाच एवढा हिशोब करत बसतोस!’

पुढच्या वर्षी विभागाचा मेसेज आला: राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची वजावट तपासून घ्या. भाच्यानं आयुष्यात कुठल्या पक्षाला वर्गणी दिलेली नाही. तज्ज्ञानं ८०जीजीसी खाली परस्पर रक्कम टाकली होती, वर न भरलेल्या घरभाड्याची सवलतही. ईमेल उघडून बघावं तर पोर्टलच्या प्रोफाइलवर पत्ता त्या फर्मचा. विभागानं आधी काही पाठवलं असेल तर ते तिकडंच पडलं. फर्मचा फोन तर बंदच. हे एकट्या त्याचं नाही. १४ जुलै २०२५ ला विभागानं देशभर दीडशे ठिकाणी अशा मध्यस्थांवर कारवाई केली, आणि रिटर्न घाऊक भरण्यापुरते ईमेल काढून ते वाऱ्यावर सोडल्याचा उल्लेख सरकारच्या निवेदनातच होता.

सुधारित रिटर्नची मुदत टळली होती. उरला अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. जादा घेतलेला रिफंड परत, त्यावर व्याज, आणि एकूण रकमेवर पहिल्या वर्षात पंचवीस टक्के वाढीव कर. नोटीस येऊन चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं असतं तर दंड कराच्या दुप्पट बसला असता, म्हणून तोंड दाबून, हप्त्यांवर पैसे घेऊन हे भरलं. फर्मनं घेतलेली टक्केवारी गेली ती गेलीच. सही रिटर्नवर आपली असते, त्यामुळे विभाग तज्ज्ञाला नव्हे, आपल्यालाच विचारतो.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या पोर्टलवर मी दोन जागा तपासतो. एक प्रोफाइल: मोबाइल आणि ईमेल आपलेच आहेत ना? दुसरी, अधिकृत भागीदारांच्या यादीत ‘माय ईआरआय’: कुठल्या साइटला आपण ओटीपी देऊन आपली माहिती बघायची मुभा दिली होती, ती अजून चालू आहे का? काम झालं की ती काढून टाकावी. पासवर्ड मागणाऱ्याला तर तो देऊच नये. आपला पगार, कर्ज, विमा हे सगळं फॉर्म सोळात आणि एआयएसमध्ये उघडं असतं. एका साइटवर रिटर्न भरल्यावर मला महिनाभर पर्सनल लोनचे फोन येत होते. योगायोग असेलही. मी मात्र त्यानंतर संमतीच्या आधीच टिक केलेल्या चौकटी वाचायला लागलो.

आणखी एक. ‘अभिनंदन, तुमचा रिटर्न भरला गेला’ असा मेल आला म्हणजे काम संपत नाही. तीस दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करावं लागतं, आधारच्या ओटीपीनं दोन मिनिटांत होतं. ते उशिरा केलं तर ज्या दिवशी केलं तीच रिटर्नची तारीख धरतात, म्हणजे मुदत उलटली असेल तर विलंबशुल्क. काही साइट हे शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात सांगतात. पावती, हिशोबाची प्रत आणि जेसन फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावी. वर्षभरानं योजना संपली की काही साइट जुने कागद दाखवायलाही पैसे मागतात.

खासगी साइट कुणी घ्यावी? रोज शेअरची उलाढाल किंवा एफ अँड ओ करणाऱ्यानं जरूर घ्यावी. शेकडो व्यवहार हातानं भरणं मूर्खपणा आहे, आणि तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा तर रिटर्न मुदतीत आणि नीट भरलेला लागतो. फक्त आपल्या ब्रोकरचं टॅक्स पी अँड एल ती थेट वाचते का, ते पैसे भरण्याआधी बघावं, आणि बेरीज ब्रोकरच्या कागदाशी जुळवावी. एका मित्राच्या रिटर्नमध्ये तेच व्याज एआयएसमधून एकदा आणि टीडीएसच्या सव्वीस-एएसमधून एकदा असं दोनदा मोजलं गेलं होतं.

भाच्याला आता अमेरिकन कंपनीचे शेअर मिळू लागलेत. परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, त्याचं वर्ष आपल्यासारखं मार्चला नव्हे, ३१ डिसेंबरला संपतं, आणि तो न भरल्याचा दंड काळ्या पैशांच्या कायद्याखाली दहा लाख आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट आहे, तक्ता मात्र भरायचाच. यंदा त्याला मी कुठल्याच साइटवर बसवलं नाही, औंधच्या एका सीए बाईंकडे पाठवलं. त्यांनी पहिल्या भेटीत डिसेंबरअखेरचं शेअरखात्याचं स्टेटमेंट मागितलं, रिफंडचं नावही काढलं नाही. त्यांची फी त्या फर्मच्या टक्केवारीच्या निम्मीही झाली नाही.