ओळख पटल्याशिवाय हिशेब देऊ नये

जव्हारच्या बाजारपेठेत किराणा, कापड, हार्डवेअर किंवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले तर आता गल्ल्याशेजारी संगणक दिसतो. मोखाडा आणि खोडाळ्यातही तेच. बिल त्यावर निघते, नाशिक-भिवंडीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी त्यावरून जाते आणि दिवसाचा हिशेब रात्री कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर पोहोचतो. पुष्कळ जण बाजारातले तयार पॅकेज घेतात. काही जण मात्र एखाद्या शिकलेल्या मुलाकडून आपल्या धंद्यापुरता प्रोग्राम लिहून घेतात. आपल्याला हवे तसे काम होते, म्हणून हा मार्ग आम्हाला गैर वाटत नाही. पण अशा प्रोग्राममध्ये एक ओळ अशी असू शकते, जी दुकानदाराच्या कधीच नजरेस पडत नाही आणि जिच्यामुळे त्याचा सगळा हिशेब परक्याच्या हाती जाऊ शकतो. आज त्या ओळीविषयी लिहावयाचे आहे.

इंटरनेटवरील सुरक्षित जोडणी दोन कामे करते. पहिले काम म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणे, जेणेकरून वाटेत कोणाला वाचता येऊ नये. हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसरे काम पलीकडे बसलेला सर्व्हर खरोखर तोच आहे ना, याची ओळख पटवणे. हे काम लोक विसरतात, आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. पाकीट कितीही घट्ट चिकटवले तरी ते भलत्याच माणसाच्या हाती दिले तर चिकटवण्याचा उपयोग काय?

हे आपल्या धंद्यातल्या लोकांना नवीन वाटू नये. जुन्या पेढ्यांवर शहाजोग हुंडी चालत असे. तिचे पैसे आणणाऱ्या कोणालाही मिळत नसत, बाजारात ज्याची पत आहे अशा शहालाच मिळत. समोरचा अनोळखी असला तर त्याला ओळखणारा कोणी मातबर उभा करावा लागे. सुरक्षित जोडणीतही असेच घडते. सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर त्याचे नाव, प्रमाणपत्राची मुदत आणि ते देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. अशा विश्वासू संस्थांची यादी आपल्या संगणकात आधीच भरलेली असते. नाव जुळते का, मुदत शिल्लक आहे का आणि सहीची साखळी यादीतल्या एखाद्या संस्थेपर्यंत पोहोचते का, हे तपासूनच जोडणी पुरी होते.

ब्राउझरमध्ये ही तपासणी फसली तर पडद्यावर मोठा इशारा येतो आणि माणूस थबकतो. दुकानाच्या प्रोग्राममध्ये इशारा दाखवणारा पडदाच नसतो. तेथे काय करायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

आता लायब्ररी म्हणजे काय ते सांगतो. कोणताही सुतार बिजागरी स्वतः घडवीत नाही, बाजारातून आणून दाराला बसवतो. तसे प्रोग्राम लिहिणारेही इंटरनेटची जोडणी स्वतः घडवीत नाहीत. तयार लायब्ररी आणून बसवतात. पायथॉन या भाषेत ‘रिक्वेस्ट्स’ नावाची लायब्ररी यासाठी फार वापरली जाते. तिच्यात प्रमाणपत्राची तपासणी मुळातच चालू असते. पायथॉन भाषेच्या स्वतःच्या साधनांत ती पूर्वी नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या २.७.९ या आवृत्तीपासून तीही मुळात चालू झाली. म्हणजे बिजागरी आता चांगली मिळते. बिघाड होतो तो बसवताना.

बहुधा असे घडते. दुकानात प्रोग्राम चालू करताच प्रमाणपत्राविषयी चूक दाखवली जाते आणि काम अडते. मालक घाईत, गिऱ्हाईक समोर. मुलगा शोधतो आणि त्याला एक सोपा तोडगा सापडतो. प्रोग्राममध्ये ‘व्हेरिफाय = फॉल्स’ एवढे लिहिले की चूक नाहीशी होते. त्याचा सरळ अर्थ असा, की पलीकडच्याची ओळख विचारू नकोस, जो कोणी असेल त्याच्याशी बोल. लायब्ररी यावर दरवेळी ताकीद छापते, पण ती छापू नये यासाठीही एक ओळ असते आणि तीही लिहिली जाते. मजकूर पूर्वीप्रमाणेच कुलूपबंद जातो, बिले निघतात, सर्व ठीक दिसते. फक्त कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे आता कोणालाच ठाऊक नाही.

यात धोका कोणता? समजा, आपल्या दुकानातला राउटर कोणी बिघडवून ठेवला, किंवा लॉजच्या फुकट वायफायवरून आपण प्रोग्राम चालवला. मधे बसलेला माणूस आपलाच सर्व्हर घाऊक व्यापाऱ्याचा म्हणून पुढे करतो. तपासणी चालू असेल तर जोडणी तेथेच तुटते. बंद असेल तर आपली मागणी आधी त्याच्याकडे जाते. तो ती पुढे खऱ्या व्यापाऱ्याकडे पाठवतो आणि परत येणाऱ्या बिलावरील बँकेचा खातेक्रमांक तेवढा बदलतो. माल येतो, पण पैसे तिसरीकडेच गेलेले असतात.

गोष्ट आपल्या पैशांपुरतीच नाही. आमच्या भागात दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्टीवर आणि शहराकडे कामाला जातात, पावसाच्या तोंडावर परततात आणि दुकानातील उधारी तोपर्यंत वहीत राहते. आता ती वही संगणकात आहे. त्यात त्यांची नावे, मोबाईल नंबर, देणे, सगळे आहे. ही त्यांची अमानत आहे. कोणी फासिक खबर घेऊन आला तर आधी तहकीक करण्याचा हुकूम सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. प्रोग्रामकडून आपण याहून निराळे काही मागत नाही.

ज्या संस्था ओळख देतात त्यांचीच चूक झाली तर, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. तसे आपल्याच देशात घडले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० अन्वये कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज हे केंद्र सरकारचे कार्यालय आहे. ई-टेंडरसाठी आपण जे डिजिटल सहीचे टोकन वापरतो, ते देणाऱ्या संस्थांना परवाना हेच कार्यालय देते. जुलै २०१४ मध्ये गुगलने जाहीर केले, की या कार्यालयाच्या साखळीतील नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरकडून गुगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. कार्यालयाने एनआयसीची ती प्रमाणपत्रे ३ जुलै रोजी रद्द केली. विंडोजच्या विश्वासू यादीत ही साखळी होती, म्हणून त्या संगणकांना धोका होता. फायरफॉक्स आपली यादी वेगळी ठेवतो. त्यात ही साखळी नव्हती, म्हणून तो वाचला. ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी साधारणतः फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्याच यादीवर चालते. ही यादी वेळोवेळी बदलते, सबब लायब्ररी ताजी ठेवणे भाग आहे. एकदा बसवला आणि पाच वर्षे पाहिलेच नाही, असा प्रोग्राम कामाचा नाही.

चूक दाखवली गेली म्हणजे प्रत्येक वेळी चोरच मधे बसला आहे असे नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बटनासारखी बॅटरी संपली, की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. संगणक समजतो की आज कितीतरी वर्षांपूर्वीचा दिवस आहे आणि प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. उपाय म्हणजे एक स्वस्त बॅटरी! दुसरे कारण यादी जुनी असणे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या साखळीतील एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभर अनेक जुनी यंत्रे आणि प्रोग्राम एका दिवसात अडले. तिसरे कारण, घाऊक व्यापाऱ्याने आपल्या सर्व्हरला घरचेच प्रमाणपत्र लावलेले असणे. त्यालाही योग्य उपाय आहे. ती प्रमाणपत्राची फाईल त्याच्याकडून हातोहात घ्यावी आणि ‘व्हेरिफाय’पुढे ‘फॉल्स’ न लिहिता त्या फाईलचा पत्ता लिहावा. तीनही ठिकाणी तपासणी बंद करण्याची गरज कोठेही पडत नाही.

आता आमच्या डोंगराळ भागाचा खास प्रश्न. दरीतल्या गावांत नेटवर्क मंद, आणि सुरक्षित जोडणी उघडायला संदेशांच्या फेऱ्या लागतात. साधी जोडणी उघडण्याची एक फेरी आणि तिच्यावर ओळख व कुलपाच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे टीएलएस १.२ मध्ये, आणखी दोन. समजा, एका फेरीला अर्धा सेकंद लागतो. मग जोडणीला दीड सेकंद आणि प्रत्यक्ष बिल पाठवण्याला अर्धा, असे दोन सेकंद झाले. चाळीस बिले प्रत्येकी नवी जोडणी उघडून पाठवली तर ८० सेकंद. तीच एका जोडणीवरून लागोपाठ पाठवली तर साडेएकवीस. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ या पद्धतीत ओळखीची एक फेरी कमी झाली, तरी जोडणी सांभाळून वापरण्याचा फायदा राहतोच. ‘रिक्वेस्ट्स’मध्ये यासाठी ‘सेशन’ नावाची सोय आहे. काम करणारा मुलगा ती वापरतो का, हे जरूर विचारावे. तपासणीमुळे प्रोग्राम सावकाश चालतो, ही सबब आम्ही ऐकली आहे. खरा वेळ नवनव्या जोडण्या उघडण्यात जातो.

मात्र येथे एक खाच आहे. मे २०२४ मध्ये जाहीर झाले, की त्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत ‘सेशन’मधील पहिली जोडणी तपासणी बंद ठेवून उघडली, तर त्याच सर्व्हरकडे पुढे जाणारी कामेही विनातपास जात. मधे ‘व्हेरिफाय’ पुन्हा चालू केले तरी फरक पडत नसे, कारण जपून ठेवलेली जुनी जोडणीच वापरली जाई. २.३२.० या आवृत्तीत ही दुरुस्ती झाली. ‘फक्त चाचणीपुरते बंद केले होते’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही.

मंद नेटवर्कवर आणखी एक घोटाळा होतो. मागणी गेली, सर्व्हरने नोंदवली, पण उत्तर परत येताना घाटातच लाईन तुटली. प्रोग्राम समजतो की काम झाले नाही आणि तीच मागणी पुन्हा पाठवतो. तांदळाच्या पन्नास गोण्यांऐवजी शंभर येऊन पडतात! ‘रिक्वेस्ट्स’ स्वतःहून अशी फेरपाठवणी करीत नाही. तिच्या खालच्या लायब्ररीतील फेरप्रयत्नाची सोयही नोंद करणारा ‘पोस्ट’ प्रकारचा संदेश मुळात अशा यादीत घेत नाही, ते याच भीतीने. पण लिहिणारा उत्साहाने चालू करतो. हुंडी हरवली तर जुने सराफ पेठ देत, म्हणजे तिचीच दुसरी प्रत, आणि दोहोंपैकी एकाच कागदावर पैसे मिळत. तीच युक्ती येथे करावी. प्रत्येक मागणीला आपल्याकडे एक क्रमांक द्यावा आणि फेरपाठवणी त्याच क्रमांकाने व्हावी, म्हणजे सर्व्हर ‘ही नोंदली आहे’ असे सांगू शकतो. शिवाय किती वेळ वाट पाहायची ही मर्यादाही लिहून घ्यावी. ती ‘रिक्वेस्ट्स’मध्ये मुळात नसते, आणि न लिहिल्यास प्रोग्राम उत्तराची वाट पाहत तसाच गोठून बसू शकतो. काही प्रोग्राम तर जोडणी फसताच तपासणी बंद करून दुसरा प्रयत्न करतात. हा प्रकार आम्हाला चोराला मागचे दार उघडून देण्यासारखा वाटतो.

बांबूच्या वस्तू किंवा वारली चित्रे विकण्यासाठी ज्यांनी स्वतःची वेबसाईट काढली आहे, त्यांना दुसऱ्या बाजूने हेच लागू आहे. तेथे प्रमाणपत्र आपल्याला लावायचे असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते, तेव्हा छोट्या दुकानाने यासाठी हजारो रुपये मोजण्याआधी विचार करावा. मुदती आता आखूड होत चालल्या आहेत. सप्टेंबर २०२० पासून कमाल ३९८ दिवस होते. एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस. दर दीड महिन्याला हाताने बदल करणे कोणालाही जमणार नाही. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था आताच करून घ्यावी.

आपला प्रोग्राम ओळख तपासतो की नाही, हे दुकानदाराला स्वतः पाहता येते. रात्री दुकान बंद झाल्यावर, नवे बिल न करता, संगणकाची तारीख आपोआप जुळण्याची सोय बंद करावी आणि तारीख दहा वर्षे पुढे न्यावी. मग प्रोग्राम सुरू करून नुसता घाऊक व्यापाऱ्याचा भाव मागवावा. त्या तारखेला पलीकडचे प्रमाणपत्र मुदतबाह्य ठरते, म्हणून तपासणी चालू असलेल्या प्रोग्रामने साफ नकार दिला पाहिजे. भाव गुपचूप आला तर तपासणी बंद आहे. नकार आला तरी मुदतीची परीक्षा तेवढी झाली, नावाची राहिली. त्यासाठी मुद्दाम बिघडलेली प्रमाणपत्रे लावलेली ‘बॅडएसएसएल डॉट कॉम’ ही जागा आहे. तेथील चुकीच्या नावाच्या पत्त्याकडे प्रोग्राम वळवून दाखवायला मुलाला सांगावे, आणि बाकीचे पैसे त्यानंतर द्यावेत. तारीख पुन्हा जागेवर आणायला विसरू नये, नाहीतर सकाळची पहिलीच बिले दहा वर्षे पुढची निघतील.