घराचा सौदा : भाव ठरवावा कसा, बोलावा कसा?

कापडाच्या धंद्यात भाव रोज बदलतो. एका गाठीत मार खाल्ला तर पुढच्या गाठीत भरून काढता येतो. घराचे तसे नाही. आपला कारागीर बांधव बहुधा आयुष्यात एकदाच घर घेतो आणि फार तर एकदा विकतो. तिथे चुकलेला भाव पुन्हा भरून निघत नाही. म्हणून भिवंडी, मुंब्रा, मालेगावच्या आपल्या वाचकांसाठी आज हा विषय घेतला आहे.

१) मागणी म्हणजे भाव नव्हे

शेजाऱ्याने पन्नास लाख मागितले म्हणून आपल्या घराचे पन्नास लाख होत नाहीत. त्याच्या हाती किती पडले ते पाहावे. नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या 'इंडेक्स टू'मध्ये सौद्याची रक्कम, क्षेत्रफळ आणि सरकारी बाजारमूल्य लिहिलेले असते. आपल्याच इमारतीतले किंवा गल्लीतले गेल्या सहा महिन्यांतले तीन-चार सौदे काढावेत आणि कार्पेट क्षेत्राच्या चौरस फुटावर दर काढावा. मग मजला, लिफ्ट, पाणी आणि इमारतीचे वय पाहून कमी-जास्त करावे.

रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर आहे, बाजाराचा नव्हे. पण तो विसरू नये. सौदा त्याहून कमी रकमेचा असला तरी मुद्रांक शुल्क सरकारी मूल्यावरच भरावे लागते. तफावत १० टक्क्यांहून जास्त झाली, तर आयकर खातेही सरकारी मूल्यच धरते.

२) बाजार फिरतो तेव्हा

मुंबईत १९९५ च्या सुमारास जागांचे भाव शिखरावर होते; त्यानंतर ते कित्येक वर्षे उतरत गेले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर सौदे थंडावले. उलट सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी करताच नोंदणीला रीघ लागली. म्हणजे वर्षापूर्वीचा भाव आजच्या सौद्याला कामाचा नाही.

वारा ओळखण्याची खूण सोपी आहे. बिल्डर दर तोच सांगतो, पण मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, वर पार्किंग फुकट देतो. तेव्हा समजावे की भाव उतरला आहे, फक्त तोंडाने कबूल होत नाही.

समजा, चालू भाव ४० लाख आहे आणि विकणारा ४५ वर अडून बसला. ४० चे गिऱ्हाईक परत गेले. दहा महिन्यांनी घर ३८ ला गेले. तोटा २ लाखांचा, शिवाय महिना २,००० प्रमाणे सोसायटीचे २०,००० वेगळेच. पडत्या बाजारात पहिले खरे गिऱ्हाईक सहसा चांगले असते. चढत्या बाजारात हाच धडा घेणाऱ्याला लागू आहे : शेवटच्या पन्नास हजारांसाठी घर हातचे घालवू नये.

३) बोलणी

विकणाऱ्याने आपला शेवटचा आकडा घरात आधीच ठरवावा आणि मागणी त्यापेक्षा चार-पाच टक्केच वर ठेवावी. घेणाऱ्याने केवळ रकमेवर ताणू नये. ताबा कधी, थकबाकी कोणाची, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क कोण देणार, हेही बोलण्याचेच विषय आहेत. इसार लेखी आणि चेकनेच द्यावा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख इसार घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

"दुसरे गिऱ्हाईक बसले आहे" असे खोटे सांगून भाव चढवणे ही बाजारातली जुनी खोड आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अशा खोट्या बोलीला मनाई केली आहे. दुसऱ्याचा ठरत आलेला सौदा मोडून त्यावर आपला सौदा करण्यासही मनाई आहे.

४) हप्त्याने घेणे

व्याज टाळण्यासाठी पुष्कळ बांधव विकणाऱ्यालाच हप्ते देतात. बहुसंख्य फुकहांच्या मते उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असू शकतो. अट एवढीच की सौद्याच्या वेळी एकच रक्कम पक्की व्हावी आणि उशीर झाला म्हणून ती वाढू नये. हप्त्यांच्या तारखा आणि ताब्याची अट करारात लिहून तो नोंदवून घ्यावा.

५) ऐब आणि वारसा

गळणारे छत, चालू दावा, थकलेला कर हे आधीच सांगावे. नंतर उघड झालेला ऐब भावही पाडतो आणि जबानही घालवतो. सर्वांत मोठा ऐब म्हणजे वडिलार्जित घरात बहिणींचा हिस्सा न देता भावांनीच केलेला सौदा. जाणकार गिऱ्हाईक असे घर घेत नाही. घेतलेच तर पडत्या भावाने घेते. सर्व वारसांच्या सह्या झाल्या की त्याच घराला पूर्ण भाव येतो. बहिणीचा हक्क देणे हे फर्ज आहे आणि हिशेबानेही त्यातच फायदा आहे.

खरे बोलून ऐब दाखवला तर सौद्यात बरकत होते आणि लपवला तर बरकत पुसली जाते, ही हदीसची शिकवण आहे. कापडाच्या ताग्याला जी लागू आहे, ती चार भिंतींच्या घरालाही लागू आहे.