बस झुकते कशी आणि वाकडी का होते?

लो-फ्लोअर बस स्टॉपवर थांबली की कधी कधी "फुस्स" असा आवाज येतो आणि बस दाराच्या बाजूला थोडी झुकते. केंद्र सरकारच्या शहरी बसच्या मानकांत साध्या बसच्या फ्लोअरची उंची 900 मि.मी. आणि लो-फ्लोअरची 400 मि.मी. धरली आहे. झुकल्यावर ती आणखी कमी होते. गुडघे दुखणाऱ्या आजींना हे थोडेसे सेंटिमीटरसुद्धा खूप असतात.

ही करामत एअर सस्पेन्शनची. यात स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबरी बेलो असतात आणि त्यात कॉम्प्रेसरची हवा. गर्दी झाली की बस दबते, मग कंट्रोल युनिट हवा भरून तिला पुन्हा मूळ उंचीवर आणतं. बस दबली हे त्याला सांगतो हाइट सेन्सर. बऱ्याच बसमध्ये मागे डावीकडे-उजवीकडे एकेक आणि पुढे एक असतो. सेन्सर चासीवर बसवतात आणि त्याची दांडी लिंकने अ‍ॅक्सलला जोडतात.

गंमत म्हणजे सेन्सर उंची मोजतच नाही! त्याला कळतो फक्त दांडीचा कोन. दांडी 200 मि.मी. असेल तर उंचीतल्या 10 मि.मी. फरकाला ती साधारण 2.9 अंश फिरते. पण कुठला कोन म्हणजे "नॉर्मल", हे आपणच शिकवायचं. हेच कॅलिब्रेशन.

ट्रेनिंगला एका गॅरेजमध्ये मी हे केलं आणि चुकलो. मागच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून बॉडीपर्यंत टेप लावली, उंची सारखी केली, लॅपटॉपवर सेव्ह केली. एररही आला नाही. मी खूश! तिथल्या काकांनी एवढंच विचारलं, "बाळा, चाकांतली हवा बघितली का?"

डाव्या चाकांत हवा कमी होती. ती कसर मी डाव्या बेलोत जास्त हवा भरून काढली होती. टायर नीट भरल्यावर बस उजवीकडे कलली.

बरोबर पद्धत अशी:
1. बस रिकामी, फरशी सपाट, टायर प्रेशर बरोबर, एअर टँक भरलेली हवी.
2. लिंक वाकलेली किंवा सैल नाही ना, ते बघा.
3. मॅन्युअलमधल्या ठरलेल्या जागी अ‍ॅक्सल ते चासी अंतर मोजा. मग टायरचा घोळ मापात येत नाही.
4. उंची मॅन्युअलच्या आकड्यावर आणा, मगच सेव्ह करा.
5. बस एकदा वर-खाली करून पुन्हा मोजा.

आणि हो, स्टँड लावल्याशिवाय बसखाली जाऊ नका. बेलोतली हवा गेली तर बस अंगावर बसेल.

कंप्युटरने एरर दिला नाही, कारण त्याचं काहीच चुकलं नव्हतं. "बरोबर" म्हणजे काय, तेच मी त्याला चुकीचं शिकवलं होतं. म्हणून लॅबमध्येही कुठलं इन्स्ट्रुमेंट झीरो करताना आधी स्वतःला विचारा, मी मोजतोय ते नक्की कुठून?