मूत्रपिंडारोपणानंतरचे स्त्रीजीवन

चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या आवडीवरून जाणारा लोहमार्ग पुढे काटपाडीस पोचतो. तेथून वेल्लोर जवळच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९७१ साली जिवंत दात्याचे मूत्रपिंड रुग्णास यशस्वीपणे बसविण्यात आले. या शस्त्रक्रियेने आयुष्य किती वाढते याचा हिशेब पुष्कळदा सांगितला जातो. स्त्रीच्या बाबतीत आयुष्याबरोबर आणखी काय परत येते, हे मात्र संकोचापोटी अनुच्चारितच राहते.

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे संप्रेरकांचा तोल ढळतो. स्त्रीबीज सुटेनासे होते, पाळी अनियमित होते किंवा थांबते; कामेच्छाही मंदावते. आपण आता आई होणार नाही, अशी स्त्रीची व तिच्या घरच्यांची समजूत होऊन बसते. परंतु नवे मूत्रपिंड काम करू लागले की काही आठवड्यांतच हे चक्र पुन्हा सुरू होऊ शकते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे : स्त्रीबीज आधी सुटते, पाळी त्यानंतर येते. पाळीची वाट पाहणाऱ्या स्त्रीस त्यापूर्वीच दिवस जाऊ शकतात.

नेमका हाच काळ धोक्याचा असतो. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून जी औषधे देतात, त्यांपैकी मायकोफेनोलेट गर्भास घातक आहे. त्याने गर्भपात होण्याचा, तसेच बाळाच्या कानांत, ओठांत वा टाळूत व्यंग राहण्याचा संभव वाढतो. म्हणून संततिनियमनाचा सल्ला शस्त्रक्रियेपूर्वीच मिळावयास हवा. मूल हवे असल्यास निदान एक वर्ष थांबावे. रक्तदाब व मूत्रपिंडाचे कार्य स्थिर असावे. आणि गर्भधारणेपूर्वी किमान सहा आठवडे हे औषध डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. आपल्या मनाने गोळ्या बंद केल्यास मूत्रपिंडच गमावण्याची पाळी येते.

एवढे करूनही रक्तदाब वाढणे, मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मणे हे प्रकार अधिक आढळतात. नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूस असल्याने प्रसूतीस सहसा अडथळा होत नाही. अमेरिकेत ईडिथ हेल्म यांना १९५६ साली जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड मिळाले व १९५८ मध्ये मुलगा झाला. बहिणी एकरूप असल्याने तेथे औषधांचा प्रश्न उद्भवला नाही, हे विसरता कामा नये.

जखम भरून आल्यावर समागमाने मूत्रपिंडास इजा होत नाही. प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मात्र नियमित करून घ्यावी लागते.

आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक, घेणाऱ्यांत कमी. ज्या थोड्या स्त्रियांस ते लाभते, त्यांच्या वतीने डॉक्टरांपुढे बहुधा पती अथवा सासूच बोलते. हे प्रश्न स्त्रीस एकटीला, दार लोटून विचारले गेले पाहिजेत.